स्वमग्नता : निदान व पुनर्वसन

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अशी अवस्था असून तिची सुरुवात बालपणीच होते. सामाजिक देवघेव व संज्ञापन यांतील अडचणी आणि वर्तन व आवडीनिवडी यांतील साचेबंदपणा ही तिची दोन प्रमुख लक्षणे होत. अनेक मुलांत आवाज, प्रकाश, स्पर्श इत्यादींविषयीची संवेदनशीलता नेहमीपेक्षा अधिक वा उणी असते. तिचे स्वरूप व्यक्तिपरत्वे फार भिन्न असते. काही व्यक्ती आयुष्यभर बोलत नाहीत, तर काही उच्च शिक्षण घेऊन स्वतंत्रपणे उपजीविका करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली सु. १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. मुलींपेक्षा मुलांत निदानाचे प्रमाण अधिक आढळते.

इतिहास : इंग्रजीतील ‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकृतिचिकित्सक ऑइगेन ब्लॉइलर यांनी छिन्नमानसाच्या संदर्भात प्रथम वापरली. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा बालकांचे वर्णन प्रसिद्ध करून ही स्वतंत्र अवस्था असल्याचे दाखविले. पुढील वर्षी व्हिएन्ना येथे हान्स आस्पेर्गर यांनी तिच्याशी मिळतीजुळती लक्षणे वर्णिली. मातेच्या थंड, अलिप्त वागण्यामुळे मूल स्वमग्न होते, हा समज त्यानंतर बरीच वर्षे प्रचलित होता. १९७७ साली ब्रिटनमधील जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिक घटकांचे महत्त्व स्पष्ट झाले आणि तो निराधार ठरला. लसीकरणाशी तिचा संबंध जोडणारा १९९८ सालचा लेखही संबंधित नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तात्पर्य, मातेचे वागणे, लस वा गतजन्मीचे पाप यांपैकी कशातही तिचे कारण शोधू नये.

पूर्वलक्षणे : वर्षाचे मूल नावाने हाक मारली असता ओ देत नाही, नजरेला नजर मिळवीत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही; सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द वा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे वाक्य बोलत नाही; अथवा येत असलेले बोलणे थांबते, तर त्याची तपासणी अवश्य करावी. एकाच वस्तूशी तासन्‌तास खेळणे, हात फडफडविणे, नित्यक्रमात बदल होताच आकांत करणे हीही लक्षणे दिसतात. ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ या समजुतीने घरची मंडळी थांबतात आणि मोलाची वर्षे निसटतात. दोन वर्षांच्या सुमारास अनुभवी तज्ञाला बहुधा विश्वसनीय निदान करता येते.

निदान : रक्ततपासणीने वा मेंदूच्या चित्रणाने स्वमग्नतेचे निदान होत नाही. बालकाच्या वाढीचा सविस्तर इतिहास व त्याच्या वर्तनाचे निरीक्षण यांवर ते अवलंबून असते. बहिरेपणामुळेही मूल हाकेला प्रतिसाद देत नसल्याने श्रवणचाचणी प्रथम करणे इष्ट ठरते.

लहान गावांतील कुटुंबांपुढील मार्ग समजण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या टेंभुर्णीचे उदाहरण घेता येईल. पुणे–सोलापूर महामार्गावरील या गावापासून सोलापूर सु. ८५ किमी. दूर आहे. पहिला टप्पा मात्र गावातच असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३) वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळांतील मुलांची एकदा तपासणी करतात. विकासातील विलंब आढळल्यास बालकाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची या कार्यक्रमात तरतूद आहे. पालकांनी पथकाची वाट न पाहता अंगणवाडी सेविकेला वा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना आपली शंका सांगणे श्रेयस्कर. सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग, कान-नाक-घसा व मनोविकृतिचिकित्सा हे विभाग एकाच आवारात असल्याने तेथे पुढील तपासणी करता येते.

प्रमाणपत्र : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार मान्य झालेल्या एकवीस दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. तिची तीव्रता मोजण्यासाठीच्या भारतीय मापनश्रेणीत सहा गटांत विभागलेली चाळीस विधाने असतात. प्रत्येक विधानास एक ते पाच गुण दिले जातात. सत्तरपेक्षा कमी गुण मिळाल्यास स्वमग्नता नसल्याचे व १५३ पेक्षा अधिक मिळाल्यास ती तीव्र असल्याचे मानतात. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास बहुतेक सवलती लागू होतात. प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र यांसाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. निदान व प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत; प्रमाणपत्राअभावी उपचार थांबवू नयेत.

उपचार व शिक्षण : स्वमग्नता पूर्णपणे नाहीशी करणारे औषध नाही. वाचोपचार, व्यवसायोपचार, वर्तनोपचार व विशेष शिक्षण यांनी मुलाचे संज्ञापन व स्वावलंबन वाढते. झोप, झटके वा तीव्र चिडचिड यांसाठी प्रसंगी औषधे द्यावी लागतात. मूलपेशी उपचारांची स्वमग्नतेसाठी शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. ‘हमखास बरे करतो’ असे सांगणाऱ्यांपायी शेत गहाण टाकण्याची वेळ कुटुंबावर येऊ नये. मोठ्या शहरातील तज्ञांची भेट महिन्यातून एकदाच शक्य असली, तरी त्यांनी शिकविलेले उपक्रम जेवण, आंघोळ, खेळ अशा दैनंदिन प्रसंगांत रोज करून घेता येतात. चित्रे दाखवून दिवसाचा क्रम समजाविणे हा त्यांतील सोपा उपाय होय. मुंबईची ‘उम्मीद’ (स्थापना २००१) ही संस्था बालविकासविषयक सेवेबरोबरच पालकांना व कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही देते.

चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत अथवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची माहिती तालुक्याच्या गट साधन केंद्रात मिळते.

आर्थिक साहाय्य व पालकत्व : राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. पात्र कुटुंबांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयामार्फत अर्ज करता येतो. ‘आमच्यामागे याचे कोण करणार?’ हा पालकांचा सर्वांत अवघड प्रश्न असतो. मूल अठरा वर्षांचे झाल्यानंतर आवश्यकता भासल्यास जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक स्तर समितीकडून उपरोक्त १९९९ च्या अधिनियमाखाली कायदेशीर पालकाची नेमणूक करून घेता येते. तथापि कागदोपत्री नेमलेला पालक पुरेसा नसतो; मुलाला ओळखणारे शेजारी, शिक्षक व नातेवाईक त्याच्या लहानपणापासून जोडले गेले, तरच ही तरतूद सार्थ ठरते.