नाव कमी केल्याचा दाखला

आजोबांच्या ट्रंकेत सातबारे, सोसायटीच्या पावत्या आणि जुनी पंचांगं यांच्या तळाशी एक रेशनकार्ड होतं. घडीवर फाटलेलं, डिंकानं चिकटवलेलं. कुटुंबप्रमुख आजोबा, मग आजी, वडील, काका आणि पाचव्या ओळीत आत्या. तिच्या नावावर आडवी रेघ. पानाच्या खालच्या बाजूला, वेगळ्या शाईत, तिचंच नाव पुन्हा. त्यावरही रेघ. त्याखाली तिसऱ्यांदा तेच नाव, आणि ते मात्र तसंच राहिलेलं.

पहिली रेघ लग्नाची. दुसरं नाव परत आल्याचं, दुसरी रेघ पुन्हा नांदायला पाठवल्याची, तिसरं नाव कायमचं परत आल्याचं. आत्या दोनदा परत आली, हे आमच्या घरात कधी कुणी तोंडानं बोललं नव्हतं. ‘ती इथंच असते’ एवढंच सगळे म्हणायचे.

त्या कार्डाबरोबर टाचणीनं लावलेला एक चतकोर कागद होता : नाव कमी केल्याचा दाखला. एका माणसाचं नाव एका वेळी एकाच कार्डावर असतं. माहेरच्या कार्डावर नाव चढवायचं, तर सासरच्या कार्डावरून ते कमी झाल्याचा दाखला लागतो. त्यासाठी अर्ज करायचा त्या घरच्या कुटुंबप्रमुखानं, म्हणजे ज्यानं घराबाहेर काढलं त्यानंच. त्या एका कागदासाठी आजोबा व्याह्यांच्या दारात चार वेळा गेले, असं काकांनी मला सांगितलं. चौथ्या वेळी सही मिळाली. तोवर आत्याच्या वाट्याची साखर आणि रॉकेल ना इथं मिळत होतं, ना तिथं.

सातारा आणि सांगलीत मार खाल्लेली, टाकलेली, अत्याचार सोसलेली बाई आधारासाठी कुणाकडे गेली आणि तिला काय मिळालं, हे मी त्या कागदापासून शोधत आले.

हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. स्वातंत्र्यलढ्यातलं प्रतिसरकार चाललं ते या अखंड साताऱ्यात. रेल्वे लुटणं, खजिना लुटणं, पत्री मारणं आपल्याला पाठ आहे. मला त्यातला एकच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. १९४३ साल, भवानीनगरचं पोलीस ठाणं. ठाण्यासमोर एक बाप्या एका तरुण बाईला बडवतोय आणि ती वाचवा म्हणून ओरडतेय. पोलीस मध्यस्थी करायला बाहेर येतात आणि तेवढ्यात बाकीचे साथी आत शिरून बंदुका पळवतात. मार खाणारी बाई म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी, हौसाताई. ही हकीकत त्यांनी म्हातारपणी विट्याच्या घरी पी. साईनाथ यांना सांगितली. २०२१ च्या सप्टेंबरात त्या गेल्या.

या सोंगाचं सगळ्यांना कौतुक वाटतं, मलाही वाटतं. पण ते सोंग निवडलं का गेलं? रस्त्यावर बाई मार खातेय हे दृश्य इतकं रोजचं होतं की कुणालाच त्याचा संशय येणार नव्हता. आणि बाई थेट ठाण्याच्या दारात ओरडली, तर पोलिसांना बाहेर यावंच लागणार होतं. गावागावांत खरा मार खाणाऱ्या बायकांना ते दार कधी दिसलंच नाही. अंतर चार-पाच मैलांचं असलं, तरी एकट्या बाईनं ते चालून जाणं ही गावाच्या लेखी बेअब्रू होती.

प्रतिसरकारला याची जाण होती. त्यांच्या न्यायदान मंडळांपुढे जमिनीच्या आणि सावकारीच्या तक्रारींबरोबर बाईला छळल्याच्या, तिची छेड काढल्याच्याही तक्रारी येत आणि दोषींना शिक्षा होत असे. दारूबंदी आणि कमी खर्चातली गांधी लग्नं हाही त्याच कामाचा भाग होता. मी या न्यायाचं सरसकट गुणगान करणार नाही. पुरुषांनी पुरुषांना दिलेली ती शिक्षा होती, आणि शिक्षा झाल्यावर बाई परत त्याच घरात जायची. पण घरातली मारहाण चव्हाट्यावर आणून तिला गुन्हा म्हणणं, हे इथल्या माळावरच्या बैठकीत घडलं.

या चळवळीतून आलेल्या एका बाईपाशी माझा शोध येऊन थांबतो. इंदुताई पाटणकर. जन्म १९२५, माहेर कराड तालुक्यातलं इंदोली. वडील दिनकरराव निकम मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. बेचाळीसच्या लाटेत सोळा-सतरा वर्षांच्या इंदुताईंनी घर सोडलं. राष्ट्र सेवा दलाच्या कामात बायकांना ओढलं, भूमिगतांसाठी हत्यारं इकडून तिकडे पोचवली. १९४६ च्या पहिल्या दिवशी बाबूजी पाटणकरांशी लग्न करून त्या कासेगावला आल्या. कराड ओलांडून महामार्गानं कोल्हापूरकडे निघालं की लागतं तेच कासेगाव. १९५२ साली बाबूजींचा खून झाला. पदरात लहानगा भारत आणि घरात सासू. इंदुताईंनी प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली.

पुढची वीस-पंचवीस वर्षं चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला मात्र तीच वर्षं महत्त्वाची वाटतात. रोज पट मांडणारी, गावातल्या प्रत्येक घरच्या मुलाला नावानं ओळखणारी विधवा मास्तरीण. कुणाची आई माहेरी निघून गेलीय, कोणती मुलगी लग्न होऊन वर्षभरात परत आलीय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पुढे स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, तेव्हा साठीला टेकलेल्या इंदुताई तिच्या पुढे होत्या. सोबत मुलगा भारत पाटणकर आणि सून गेल ऑम्वेट. अमेरिकेहून आलेली ही विदुषी कासेगावची झाली आणि २०२१ साली तिथंच गेली.

या चळवळीनं हात घातला तो परित्यक्तांच्या प्रश्नाला. आमच्याकडे ‘टाकलेली’ म्हणायचे. भांडं टाकावं, कपडा टाकावा, तशी बायको टाकायची. ना काडीमोड, ना सोडचिठ्ठी, ना पोटगी. नवरा दुसरी करून मोकळा. ही कायद्यानं लग्नाचीच, पण तिला नांदवायला कुणी तयार नाही. ‘नांदणं’ हे क्रियापदच बघा. बाईनं नांदायचं, आणि नांदवायचं की नाही ते दुसऱ्यानं ठरवायचं. ‘टाकलेली’ जाऊन ‘परित्यक्ता’ आलं, अलीकडे ‘एकल महिला’ आलं. शब्द सभ्य होत गेले याचं मला बरं वाटतं, पण ‘एकल’ या शब्दात टाकणारा कुठं दिसतच नाही, हे मला खटकतं.

टाकलेल्या बाईला काय हवं असतं? शहरातल्या संघटना तेव्हा हुंडाबळीवर आणि १९८३ साली आलेल्या ४९८-अ कलमावर बोलत होत्या, ते योग्यच होतं. पण कासेगावच्या पंचक्रोशीतल्या बायकांनी मागण्या मांडल्या त्या अशा : स्वतंत्र रेशनकार्ड द्या. घराला जागा द्या. कसायला जमीन द्या. कृष्णाकाठच्या बहेसारख्या गावात तर त्या ग्रामपंचायतीच्या जमिनीवर हक्क सांगण्यापर्यंत गेल्या. त्याच सुमारास संगमनेरलाही परित्यक्तांची चळवळ उभी राहिली होती आणि तिथंही हेच मागणं होतं.

हे वाचलं तेव्हा मी ट्रंकेतलं कार्ड पुन्हा काढून बघितलं. आमच्या आत्यासारख्या शेकडोजणींनी एकत्र बसून ठरवलं होतं की तो दाखला सासऱ्याकडे मागायचाच नाही. आपलं कार्डच वेगळं मागायचं. समुपदेशन, पुनर्वसन, सक्षमीकरण हे शब्द त्यांच्याकडे नव्हते. पण मारणाऱ्या घरात बाई परत का जाते, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. दोन घरांपलीकडे तिसरं दार नसतं, म्हणून ती जाते. भाऊ चांगला असला तरी भावजयीच्या चुलीपाशी तिची पोरं परकीच असतात. कोर्टात जावं, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमानं पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. १९७३ च्या कायद्यातला हा आकडा २००१ साली उठला. मधली बहुतेक वर्षं महागाई वाढत राहिली आणि टाकलेल्या बाईची किंमत पाचशेच राहिली.

१९९० साली मीना सेषू आणि वसुधा भोसले यांनी सांगली जिल्ह्यापुरता एक अहवाल काढला. ‘इम्प्रिझनिंग वुमनहुड’ हे त्याचं इंग्रजी नाव, आणि विषय दोन : स्त्रियांचे मृत्यू आणि त्यांना टाकून देणं. हे दोन्ही एकाच अहवालात मांडणं हेच मला त्याचं मोठेपण वाटतं. जळालेली बाई आणि टाकलेली बाई या दोन वेगळ्या कहाण्या नव्हेत. पहिली परत येऊ शकली नाही आणि दुसरी आली, एवढाच फरक.

सेषूंचं पुढचं काम अनेकांना रुचलं नाही. १९९२ साली सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था सुरू झाली, एड्सच्या साथीच्या काळात, धंद्यातल्या बायकांच्या गोकुळनगर वस्तीत. १९९६ साली त्या वस्तीतल्या बायकांनी स्वतःची संघटना बांधली : वेश्या अन्याय मुक्ती परिषद, ‘व्हॅम्प’. आपल्याकडे धंद्यातल्या बाईवर बलात्कार होऊ शकतो, हेच मुळात मान्य नसतं. छापा घालून ‘सुटका’ करायची आणि सुधारगृहात डांबायचं, याला आपण मदत म्हणतो. या बायकांनी सांगितलं की आमच्यावरच्या अत्याचाराची तक्रार घ्या आणि आमच्या मतानं मदत करा. मला त्यांचं म्हणणं पटतं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले की लैंगिक अत्याचार झालेल्या या स्त्रीला इतर कोणत्याही पीडितेइतकीच वैद्यकीय आणि कायदेशीर मदत मिळाली पाहिजे. त्याच खटल्यात, करोनाच्या काळात, न्यायालयानं राज्यांना आणखी एक गोष्ट बजावली होती : यांना रेशनकार्डं द्या. कासेगावच्या बायका आणि गोकुळनगरच्या बायका यांच्यामध्ये गाव, जात आणि अब्रूच्या किती भिंती होत्या! तरी दोघींची वाट एकाच खिडकीपाशी आली.

साताऱ्याकडचा प्रवाह थोडा वेगळा. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यातलं. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ साली फुल्यांच्या पुण्यातल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं आणि त्या बायकांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी काढली. पीडितेला नाव-गाव न विचारता दार उघडणारी ती आपल्याकडची पहिली जागा, असं मी मानते. १९९० साली ॲड. वर्षा देशपांडे यांनी साताऱ्यात दलित महिला विकास मंडळ सुरू केलं. गर्भलिंग तपासणाऱ्या डॉक्टरांना गरोदर बायकांच्या मदतीनं रंगेहाथ पकडण्याचं त्यांचं काम सर्वांना माहीत आहे आणि २०२५ साली संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या पुरस्कारानं ते जगापुढेही गेलं. पण मुळात त्या घरात मार खाल्लेल्या बायकांच्या वकील, आणि मुलगी पोटात मारणं हा त्याच मारहाणीचा आधीचा टप्पा आहे, हे त्या सतत सांगत आल्या.

आता सरकारी दारं बरीच झाली. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. संरक्षण अधिकारी आहेत, ‘सखी’ केंद्रं आहेत, १८१ हा क्रमांक आहे, बलात्कारपीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. पोलीस तक्रार नसली तरी कोणत्याही दवाखान्यानं, सरकारी असो की खासगी, बलात्कारपीडितेवर तातडीनं मोफत उपचार करायचे, हाही कायदाच आहे. वाचकांनी यातलं आणखी काही विसरलं तरी चालेल, हे शेवटचं विसरू नये. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सतरावं कलम. ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. कायदा लागू झाला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात हा हक्क आखडून टाकला, सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराला तो लागू नाही म्हणून. २०२० साली त्याच न्यायालयानं तो निकाल चुकीचा ठरवला. मधल्या चौदा वर्षांत किती सासऱ्यांनी ‘घर माझं आहे’ म्हणून दार लावून घेतलं असेल?

आणि तंटामुक्ती. आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाचे, वाटेचे, पाण्याचे तंटे गावात मिटावेत हा हेतू चांगलाच होता आणि आबांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण मिटवलेल्या तंट्यांवर गावाला गुण आणि बक्षीस मिळू लागलं, की नवऱ्यानं फोडलेलं डोकंही मिटवायच्या यादीत येतं. समितीपुढे बाई पदर सावरून उभी राहते आणि समोर चुलतदीर, सरपंच, पोलीस पाटील बसलेले असतात. ‘मिटलं’ असं लिहिलं जातं आणि ती परत नांदायला जाते. भांडण मिटतं तसे डोळेही मिटतात. मोहिमेच्या नियमांतच घरातली मारहाण वेगळी काढून आधी संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. व्हॅम्पच्या बायकांनी आपल्या वस्तीत स्वतःची तंटामुक्ती समिती चालवली. तिथं न्यायाला बसतात त्याही धंद्यातल्याच बाया. एवढा एक फरक केला की सगळी बैठक बदलते.

इंदुताई २०१७ साली गेल्या. त्याच्या चार वर्षं आधी, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या तेराव्या कलमात एक गोष्ट आली होती : रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीचं नाव असेल. या दोन जिल्ह्यांतल्या टाकलेल्या बायका त्याच्या पंचवीस वर्षं आधी तहसीलदाराच्या दारात याचसाठी बसल्या होत्या, हे त्या कायद्यात कुठं लिहिलेलं नाही.

आजोबा गेल्यावर आत्यानं वेगळं कार्ड काढलं. परसातल्या एका खोलीत ती वेगळी राहायला लागली, त्याच वर्षी. तिच्या पश्चात तिची पेटी मी उघडली, तेव्हा ते गॅसच्या पुस्तकाबरोबर दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवलेलं सापडलं, कोपरेही न दुमडलेले. आत एकच ओळ भरलेली आहे. तिचं नाव, वय आणि नात्याच्या रकान्यात : स्वतः.