फ्लॅट की घर? दोघांनी मिळून ठरवताना

आज इथे आम्ही दोघं बसलो आहोत, कारण विषयच दोघांचा आहे. आमच्यापैकी एक स्थापत्य अभियंता, दुसरी हिशेबाच्या कामात. घर घ्यायला निघालेली जोडपी ओळखीपाळखीतून आमच्याकडे येतात, चहा घेतात आणि अर्ध्या तासात आमच्यासमोरच भांडायला लागतात. आम्हीही भांडलो होतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

आमच्यापुढे दोन जागा होत्या. सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावरचा, नऊ वर्षं जुना, दोन बेडरूमचा फ्लॅट. आणि तळेगाव दाभाड्याला एक रो-हाऊस, पुढे दहा फुटांचं अंगण, मागे मोरीला लागून कढीपत्त्याचं झाड. दोन्हींचा भाव पंचाहत्तर लाखांच्या आसपास. आमच्यातला जो कोकणात वाढला त्याला पावसात ओटीवर बसून चहा प्यायचा होता. जी पुण्यातल्या चाळीत वाढली तिला दार ओढलं की आवाज बंद होईल असं घर हवं होतं. दोन महिने आम्ही याच दोन वाक्यांवरून वाद घातला. आता वाटतं, ते दोन महिने कागद बघण्यात घालवले असते तर बरं झालं असतं.

पहिला कागद जमिनीचा. फ्लॅट घेतो तेव्हा आपण नक्की काय घेतो? भिंतींच्या आतली जागा, हे खरंच. पण इमारत म्हातारी होते, जमीन होत नाही. समजा दहा हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर चोवीस सारखे फ्लॅट आहेत. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चारशे सतरा चौरस फूट जमीन आली. ही जमीन वेगळी दाखवता येत नाही, कुंपण घालता येत नाही. पण तीस-चाळीस वर्षांनी पुनर्विकासाची गोष्ट निघते तेव्हा बोलणी तिच्यावर होतात. आणि ती जमीन सोसायटीच्या नावावर झालीच नसेल तर? १९६३ च्या महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायद्यानं कन्व्हेयन्स करून देणं बिल्डरवर बंधनकारक केलं आहे. तरी कित्येक सोसायट्यांचं ते झालेलं नसतं. आम्ही बघितलेल्या इमारतीचंही नव्हतं. अशा वेळी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे जाऊन मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे लोक ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात, ते करून घेता येतं. होतं, पण फायली घेऊन हेलपाटे घालणारं कोणीतरी कमिटीत लागतं.

मग रो-हाऊसच बरं, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो. पायाखालची जमीन आपली! कागद मागवले तेव्हा कळलं की सगळ्या स्कीमचा सातबारा एकच आहे. वीस घरं, प्रत्येकाला त्याचं बांधकाम आणि जमिनीत अविभाज्य हिस्सा. म्हणजे आडवी झोपवलेली इमारतच ती. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एक, वर मजला चढवायचा तर बाकीच्यांची संमती लागणार. काही रो-हाऊसमध्ये प्लॉटचं वेगळं खरेदीखत असतं, मालमत्ता पत्रक स्वतःच्या नावावर निघतं. तिथली गोष्ट वेगळी. तेव्हा जाहिरातीत ‘बंगलो’ लिहिलंय की ‘व्हिला’, ते सोडून द्या. खरेदीखतात जमिनीबद्दल कोणतं वाक्य आहे, ते वाचा.

स्वतंत्र प्लॉट घेऊन बांधणाऱ्यांसाठी एकच सूचना, ती कळकळीची. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, १,०८९ चौरस फूट. शहरांच्या कडेनं असे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्वस्तात विकायला असतात आणि व्यवहार नोटरीच्या कागदावर उरकतात. नोटरीनं मालकी मिळत नाही. स्थावर मालमत्तेची खरेदी नोंदणीकृत दस्तानंच होते. जमीन बिनशेती झाली आहे का, बांधकामाची परवानगी मिळणार आहे का, हे कळल्याशिवाय इसारही देऊ नका.

आता आमचं भांडण कुठे मिटलं ते सांगतो. बँकेत किंवा वकिलाकडे नाही, स्वयंपाकघरात मिटलं, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. घर सांभाळायला वर्षभरात काय काय करावं लागतं, ते आम्ही लिहून काढलं. टाकी धुणं. मोटर बिघडली तर माणूस शोधणं. मे महिन्यात गच्चीच्या भेगा बुजवणं, पन्हळीतला पाला काढणं. वाळवी. अंगण झाडणं. गॅसवाला, कुरिअरवाला, मीटर बघायला येणारा, यांच्यासाठी कोणीतरी घरी असणं. गावाला गेलो तर किल्ली कोणाकडे? अशा चौदा ओळी झाल्या. मग प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, हे कोण करणार. लोकलचं वेळापत्रक आणि दोघांच्या ऑफिसच्या वेळा समोर ठेवूनच लिहिलं. चौदापैकी अकरा ओळींपुढे एकच नाव आलं, आणि ते ओटीवर चहा प्यायची हौस असलेल्या माणसाचं नव्हतं. तो तळेगावला पोचणार रात्री नऊला.

खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

फ्लॅटमध्ये ही कामं नाहीशी होत नाहीत. ती वाटली जातात आणि त्यांचे पैसे द्यावे लागतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का धरला आहे. रखवालदार, लिफ्ट, सफाई वेगळी. महिन्याचा मेन्टेनन्स बघून लोक म्हणतात, बंगल्याला हा खर्च नाही. बंगल्याला तो खर्च असतोच. फक्त कोणी बिल पाठवत नाही, आणि घरातलं एक माणूस तो आपल्या रविवारांतून भरत असतं. दोघांनी खरोखर वाटून घेतलं तर स्वतंत्र घरासारखं सुख नाही, हेही खरं. आमच्या ओळखीत असं एक जोडपं आहे. त्यांच्याकडे गच्चीवर तो चढतो, घरपट्टी आणि गवंडी ती बघते, आणि त्यांच्या अंगणातली लिंबं आमच्याकडे येतात.

आम्ही फ्लॅट घेतला. कन्व्हेयन्स झालेलं नाही म्हणून भाव थोडा पाडून घेतला आणि पुढे कमिटीत जाऊन ते हेलपाटे स्वतःच घातले. ओटी नाही, हे अजून ऐकावं लागतं. दर पावसाळ्यात एकदा.

पैशाचं थोडक्यात. पंचाहत्तर लाखांच्या जागेला बँकेनं साठ लाख दिले, ऐंशी टक्के. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांना हप्ता साधारण बावन्न हजार. उरलेले पंधरा लाख आपले, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी या कर्जात धरली जात नाही, हे जोडपी हमखास विसरतात. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून सात टक्के, म्हणजे सव्वापाच लाख, वर नोंदणी फी तीस हजार. म्हणजे हातात साडेवीस लाख हवेत. फर्निचर सोडून.

इथे एक मोह येतो. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमचे पंचाहत्तर हजार वाचले असते. पण ही सवलत नवऱ्याचं नाव जोडलं की जाते. आम्ही खूप विचार केला आणि दोन्ही नावं घातली. कारण कर्ज दोघांच्या नावावर होतं. ज्याचं नाव कर्जात आहे आणि दस्तात नाही, त्याच्याकडे देणं आहे, मालकी नाही. जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट घ्यायची तरी कर्जदार आणि मालक दोन्ही असावं लागतं. कोणी वेगळं ठरवेल. तिच्या एकटीच्या नावावर घर असण्याला आमचा मुळीच विरोध नाही. ते पंचाहत्तर हजारांसाठी ठरू नये, एवढंच.

आता प्रश्न घेऊ. हां, तिसऱ्या रांगेतल्या ताई.

त्या विचारतात: सासऱ्यांचं बैठं घर आहे, त्यावर मजला चढवायचा आहे, पंचवीस लाखांत काम होतं, फ्लॅटपेक्षा कितीतरी स्वस्त. कर्ज आम्ही दोघं फेडणार. करावं का?

ताई, आमच्याकडे येणाऱ्या दर चार-पाच जोडप्यांत एक हाच प्रश्न घेऊन येतं. स्वस्त आहे, कारण जमीन विकत घ्यायची नाही. आणि जमीन विकत घेतली नाही म्हणूनच वर बांधलेलं तुमच्या नावावर होत नाही. पंधरा वर्षं हप्ते भरले तरी कागदावर ते घर सासऱ्यांचंच. उद्या वाटणी झाली तर नणंदा-दीर हक्कदार आहेत, आणि असायलाच हवेत. तुमच्या हप्त्यांचा उल्लेख सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नसतो.

मार्ग आहे. घर सासऱ्यांच्या स्वकमाईचं असेल तर ते मुलाला बक्षीसपत्र करून देऊ शकतात. राहत्या घराचं बक्षीसपत्र वडिलांनी मुलाला केलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. या यादीत सून नाही. दिवंगत मुलाची बायको आहे, हयात मुलाची नाही. पण नवरा-बायको आहेत. म्हणजे वडिलांकडून मुलाला आणि मग नवऱ्याकडून बायकोला अर्धा हिस्सा, असे दोन नोंदणीकृत दस्त करता येतात. घर वडिलोपार्जित असेल तर आधी बाकीच्यांची हक्कसोडपत्रं लागतील. चांगल्या वकिलाकडे एक दिवस बसा.

काय म्हणालात? घरात हे विचारायचं कसं?

हो, ते अवघड आहे. सुनेनं विचारलं की घर मागितल्यासारखं वाटतं. म्हणून तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी विचारायचं, आणि नणंदाही हजर असताना. नकाशा काढायच्या आधी विचारा. नाही म्हणाले तर राग धरू नका, घर त्यांचं आहे. मग त्या पंचवीस लाखांत लहान फ्लॅटचं डाउन पेमेंट होतं का, ते आपण बघू. आमच्याकडे या, कॅलेंडर घेऊन.