सोप्या इंग्रजीवर यंत्राचा संशय

‘गणेशोत्सवात लालबागला मोठी...’ एवढं वाचलं की पुढचा शब्द ओठांवर येतोच: गर्दी. चॅटजीपीटीही असंच लिहितं. अफाट मजकूर पचवून पुढचा संभाव्य शब्द काढत जातं. ‘हे एआयने लिहिलंय का’ ते सांगणारी बरीचशी सॉफ्टवेअर हीच गोष्ट उलट्या बाजूने तपासतात. शब्द फारच अंदाजाप्रमाणे येत गेले, की मजकूर संशयित.

आता परळच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी दादरच्या किंवा गिरगावच्या कॉलेजात इंग्रजीत असाइनमेंट लिहिते. शब्द ओळखीचे, वाक्यं आखूड, रचना ठरलेली. सॉफ्टवेअर नेमकं यावरच बोट ठेवतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध अशा सात सॉफ्टवेअरना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. पुढे त्याच ९१ निबंधांतले शब्द चॅटजीपीटीकडून भारदस्त करून घेतले, तर संशय एकदम उतरला. म्हणजे स्वतः लिहिणारी अडकते आणि लिहून घेणारी सुटते. हा अन्याय आहे. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं असं सॉफ्टवेअर जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. एआयचा जेमतेम २६ टक्के मजकूर त्याला ओळखता येत होता.

त्यामुळे सॉफ्टवेअरने दिलेली टक्केवारी बघून गुण कापणं प्राध्यापकांनी सोडावं आणि प्रश्नच बदलावा. उदाहरणार्थ, मुंबईतल्या १९८२च्या गिरणी संपावर दहा पानं एआय क्षणात देईल. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून २००४ साली मोठा मौखिक इतिहास सिद्ध केला. ती वाट मुलांना दाखवावी: चाळीतल्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराशी बोला, तेच एआयला विचारा, दोन्ही उत्तरं कुठे जुळत नाहीत ते लिहा. मग व्हायवात विचारावं, ते आजोबा सूत काढणाऱ्या त्रासनखात्यात होते की कापड विणणाऱ्या साचाखात्यात? बदलीवाला सकाळी गेटवर का उभा राहायचा? ज्याने ऐकलंय तो मोडक्या इंग्रजीतही सांगतो, आणि मराठीत सांगितलं तरी काय बिघडलं?

अडचण वेळेची आहे. शंभर मुलांना दहा-दहा मिनिटं दिली तरी सोळा-सतरा तास होतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना मानधन तासिकांवर मिळतं. हे तास त्यात धरले गेले पाहिजेत.