पेशीचा मृत्यू रोखावा का?

आईच्या पोटात असताना आपल्या हाताची बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात. त्या पडद्यातील पेशी ठरल्या वेळी आपणहून मरतात आणि बोटे सुटी होतात. पेशींच्या या शिस्तबद्ध मृत्यूला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले.

हे काम कॅस्पेज नावाची विकरे करतात. कात्रीसारखी ती पेशीतील प्रथिने कापत जातात. प्रयोगशाळेत ही कात्री अडवायला ‘झेड-व्हॅड-एफएमके’ हे रसायन वापरतात. ते तिच्या पात्यांत कायमचे अडकून बसते. मरू घातलेली पेशी त्यामुळे वाचली, तर तिचा जीव कॅस्पेज घेत होते, हे कळते.

मग पक्षाघात किंवा हृदयविकारात हेच औषध म्हणून का देत नाहीत? एक तर शरीरात त्याच्या विघटनातून फ्लुओरोअ‍ॅसिटेट हे विष तयार होऊ शकते. शिवाय एक दार बंद केले की काही पेशी दुसऱ्या दाराने मरतात. या ‘नेक्रोप्टोसिस’मध्ये पेशी फुटते आणि आजूबाजूला दाह होतो. हे दुसरे दार अडवणारे ‘नेक्रोस्टॅटिन-१’ हार्वर्डमधील जुनयिंग युआन यांच्या गटाने २००५ मध्ये जगापुढे आणले. तेही मुख्यतः संशोधनाचेच साधन आहे.

आणि मरायला हवी ती पेशी मेली नाही, तर कर्करोगाला वाट मिळते. म्हणून ‘पेशी मरू देत नाही’ असे सांगून कोणी पावडर विकायला आला, तर आपण आधी एवढेच विचारावे: कोणत्या पेशी?