तंबोऱ्याला विचारा, हेडफोन कसा आहे

झाशीच्या बडा बाजारात हेडफोन कानाला लावून पाहिला, तर बेस दणदणीत असलेलाच बहुधा मन जिंकतो. तोच घरी आणून रात्री निवांत लावावा, तर तासाभरात डोकं जड होतं. हेडफोन तोच, मग बदललं काय? बाजारातल्या गाड्यांची घरघर ही मुख्यतः खालच्या स्वरांची असते आणि ती गाण्यातले खालचे स्वर झाकून टाकते. त्या गोंगाटात फुगवलेला बेस अगदी बेताचा वाटतो. घरी गोंगाट गेला की फुगवटा उघडा पडतो.

खोक्यावरच्या आकड्यांचा इथे फारसा उपयोग नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळपास प्रत्येक खोक्यावर असतं. त्या पट्ट्यातला कोणता स्वर किती जोरात येईल, हे तिथे कुणी लिहीत नाही. ते कळतं आपल्या नेहमीच्या गाण्यांवरून. या बाबतीत झाशीकर मराठी माणूस भाग्यवान. नेवाळकर घराण्याच्या राजवटीपासून इथे मराठी घरं आहेत आणि राजा गंगाधररावांचा नाटकाचा शौक तर प्रसिद्धच. शंभरेक किलोमीटरवर ग्वाल्हेर, जिथली ख्यालगायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजवली. त्याहून जवळ दतिया, जिथल्या दरबारात थोर पखवाजवादक कुदऊसिंह होते. हेडफोनची परीक्षा घ्यायला याहून कडक परीक्षक कुठे मिळणार?

पहिला परीक्षक तंबोरा. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही उमटतात. भौतिकशास्त्राचा जुना नियम सांगतो, की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर उमटूच नयेत, कारण मध्यबिंदू हे त्यांचं स्थिर राहण्याचं ठिकाण. तंबोरा हा नियम पाळत नाही. कोलकात्यात काम करणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याच कोड्यावर लिहिलं. त्यांनी कारण दाखवलं ते घोडीत. तिचा माथा किंचित बाकदार असतो आणि तारेखाली एक बारीक दोरा सरकवलेला असतो. कंप पावणारी तार त्या बाकाला क्षणोक्षणी टेकते, सुटते, आणि जे उपस्वर नसायला हवेत तेही झगमगू लागतात. हीच जवारी. मिरजेचे कारागीर कानानं पारखत, घोडी घासून-घासून ती काढतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. त्याच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सत्तरेक हर्ट्झची. पण तिची झळाळी हजारो हर्ट्झपर्यंत चढत जाते. हेडफोन वरच्या पट्ट्यात मंद असेल तर तंबोऱ्याची नुसती गुणगुण उरते. तिथे भडक असेल तर पत्र्यासारखी किणकिण. उपस्वर एकामागून एक उलगडताना ऐकू आले, तर हेडफोन पहिल्या परीक्षेत पास.

दुसरा परीक्षक पखवाज. त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात. त्या वजनानं कातडं संथ कंप पावतं आणि आवाज खोल उतरतो. उजव्या तोंडावर शाई असते. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मुळात बेसूर, एकमेकांशी न जुळणारे. मध्यावर शाईचे थर चढवले की ते सुरेल ओळीत येतात, हेही रामन यांनीच शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली मांडलं. आपल्या कारागिरांनी ते त्याच्या कितीतरी आधी हातानं साधलं होतं! म्हणून अभंगातल्या पखवाजाकडे कान द्या. डाव्या हाताच्या थापेला स्वर आहे की नुसता दणदणाट? बेस फुगवलेल्या हेडफोनवर सगळ्या थापा सारख्याच लागतात आणि गायकाच्या खर्जावरही चढून बसतात.

तिसरी परीक्षा जुन्या तबकड्यांची, आणि तिथे तर मेंदूच चमत्कार करतो. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून गात. त्या यंत्रात खालचे स्वर जवळजवळ उमटतच नसत. तरीही पुरुषाचा आवाज आपल्याला पुरुषाचाच ऐकू येतो. कारण २७८, ४१७, ५५६ असे उपस्वर कानी पडले की मेंदू त्यांच्यातलं सारखं अंतर हेरतो आणि गैरहजर १३९ चा स्वर स्वतःच भरून काढतो. अशा मुद्रणांना जास्तीचा बेस काहीच देऊ शकत नाही. उलट वरच्या पट्ट्यात तिखट असलेला हेडफोन सुईची खरखर पुढे आणतो.

एवढं करूनही दोन श्रोत्यांचं मत जुळेलच असं नाही. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तीनेक हजार हर्ट्झचे स्वर ती आपोआप मोठे करते. हेडफोन बनवणाऱ्याला ही वाढ आधीच हिशेबात धरावी लागते, पण सरासरी कान धरून. आपली कानाची पाळी, नळी, चष्म्याची दांडी यांनी तो हिशेब थोडा बिघडतोच. दांडीमुळे हेडफोनच्या गादीखाली फट राहिली तर बेस तिथूनच निसटतो. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी गेल्या दशकात केलेल्या चाचण्यांत बहुतेक श्रोत्यांची पसंती एकाच प्रकारच्या ध्वनीकडे झुकली, तरी कुणाला बेस थोडा जास्त हवा होता, कुणाला कमी.

म्हणून दोन हेडफोन शेजारी ठेवून पारखताना आवाज आधी सारखा करून घ्यावा. किंचित मोठा वाजणारा नेहमीच सरस भासतो, कारण आवाज वाढला की कानाला बेस अधिक जाणवतो. हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. मग पाठ असलेली तीन-चारच गाणी लावावीत आणि घरच्या शांततेत ऐकावीत. दुकानदार परत घ्यायला तयार असेल तर चार दिवस वापरून बघावा. पार्टीच्या गाण्यांना दणका शोभतो, त्यात वावगं काही नाही. पण ज्याचा जीव ख्यालात आणि अभंगात आहे, त्यानं किंमत नंतर बघावी. ज्याच्यावर जवारी उलगडते आणि पखवाज सुरात लागतो, तो हेडफोन दोन हजारांचा असला तरी अशा श्रोत्यासाठी वीस हजारांच्या धडधडाटाहून चांगला.