‘ॲकॅडमिकली’ म्हणजे नक्की काय?

मागच्या आठवड्यात बदलापूर लोकलमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, “तू पीएचडी करतेस ना? मग सांग, नातवाच्या प्रगतिपुस्तकात ‘ॲकॅडमिकली वीक’ लिहिलंय. पोरगा ढ आहे का गं?” कल्याण येईपर्यंत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

शब्दाचं मूळ ग्रीसमध्ये आहे. अथेन्सजवळ अकादेमोस या वीराच्या नावाने ओळखली जाणारी एक राई होती. तिथे प्लेटोने इ. स. पू. ३८७च्या सुमारास आपली शाळा काढली. त्या जागेवरून ‘अकादमी’ आणि पुढे ‘ॲकॅडमिक’ आलं. ‘ॲकॅडमिकली’ हे त्याचं क्रियाविशेषण.

पहिला अर्थ : अभ्यासाच्या बाबतीत. ‘ती ॲकॅडमिकली हुशार आहे.’ इथे हा शब्द विधानाला कुंपण घालतो. बोलणं फक्त अभ्यासापुरतं आहे. खेळ, व्यवहार, स्वभाव याबद्दल ते काहीच सांगत नाही.

दुसरा अर्थ : अभ्यासकांच्या कसोटीवर. आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ॲकॅडमिकली बोलायचं तर पुरावा दाखवावा लागतो. तो देवळातल्या शिलालेखात आहे : शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, आणि शिलाहार राजा माम्वाणीचं नाव. गंमत म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा आकडा ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा दुरुस्त केला. एवढ्या मोठ्या विद्वानाचं वाचनही पुन्हा तपासता येतं, हाच या अर्थाचा गाभा.

तिसरा अर्थ ‘ॲकॅडमिक’ या विशेषणात जास्त दिसतो : नुसती चर्चेपुरती गोष्ट. लोकल सुटून गेल्यावर ती कुठल्या फलाटावर लागली होती, हा वाद ॲकॅडमिक.

खरी अडचण मराठीत येते. आपण ‘ॲकॅडमिकली’ला ‘शैक्षणिकदृष्ट्या’ म्हणतो आणि ‘एज्युकेशनली’लाही तेच. संविधानाच्या कलम १५(४) मध्ये ‘सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास’ वर्गांचा उल्लेख आहे. हे कलम १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. तिथे मूळ शब्द ‘एज्युकेशनली’ आहे. तो एखाद्या मुलाच्या बुद्धीबद्दल नाही, तर एका समाजाला शिक्षणाची संधी किती मिळाली याबद्दल आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की न मिळालेल्या संधीचं खापर नकळत मुलाच्या डोक्यावर फुटतं.

म्हणून मी तीन वेगळे शब्द वापरते. संधीबद्दल बोलताना ‘शैक्षणिकदृष्ट्या’, गुणांबद्दल ‘अभ्यासात’ आणि संशोधनाबद्दल ‘अभ्यासकांच्या कसोटीवर’.

नववीत माझ्याही प्रगतिपुस्तकात हाच शेरा होता. मी तो ‘तू कमी आहेस’ असा वाचला आणि वर्षभर वर्गात हात वर केला नाही. प्रत्यक्षात मला फक्त बीजगणित कळत नव्हतं.

तर काकू, उत्तर असं : नातू ढ नाही. तो सध्या अभ्यासात मागे आहे. कुठल्या विषयात आणि कुठल्या धड्यापासून, हे बाईंना विचारा. शेऱ्यापेक्षा त्या उत्तराचा उपयोग जास्त होईल.