घर सेवेला दिले, तरी कर मालकालाच

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे येते, ती विश्रांतवाडीतून. त्या दिवशी या भागातली अनेक घरे वारकऱ्यांसाठी उघडी असतात. आपली वास्तू चांगल्या कामासाठी वापरू देण्याची परंपरा पुण्याला नवी नाही. पुणे सेवासदनाचे काम १९०९ साली सुरू झाले, ते रमाबाई रानडे यांच्या वाड्यात. आजही मुले परदेशी गेलेली, एखादी सदनिका रिकामी असलेली ज्येष्ठ मंडळी ती अभ्यासिकेला, पाळणाघराला किंवा रुग्णांच्या नातेवाइकांच्या निवासासाठी धर्मादाय संस्थेला विनामूल्य देतात. एक पैसाही मिळत नसताना कर कसला, असे त्यांना साहजिकच वाटते. कायदा मात्र तसे मानत नाही.

मालकीवर आधारलेला कर

‘घरापासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली कर लागतो तो हाती आलेल्या भाड्यावरच नव्हे, तर घराच्या ‘वार्षिक मूल्या’वर. ते घर भाड्याने दिले असते तर वर्षाला जे वाजवी भाडे अपेक्षित धरता आले असते, ते हे मूल्य. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात हे तत्त्व कलम २२ व २३ मध्ये होते. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरलेल्या २०२५ च्या नव्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व कायम राहिले.

याला मोठा अपवाद स्वतःच्या राहत्या घराचा. त्याचे वार्षिक मूल्य शून्य धरतात. आर्थिक वर्ष २०१९-२० पासून ही सवलत एकाऐवजी दोन घरांना मिळते. पूर्वी नोकरी वा व्यवसायामुळे अन्यत्र राहावे लागत असेल, तरच रिकाम्या घरासाठी ती मागता येई. २०२५ च्या दुरुस्तीने ‘कोणत्याही कारणाने’ मालकाला तेथे राहता येत नसेल तरी ती लागू झाली. मात्र घर भाड्याने दिले असेल किंवा मालकाने त्यातून अन्य लाभ घेतला असेल, तर ही सवलत नाही.

आता एक उदाहरण. एका निवृत्त गृहस्थांचे राहते घर कोथरूडला, वडिलोपार्जित घर कोकणात आणि एक सदनिका विश्रांतवाडीत आहे, असे समजू. ही तिसरी सदनिका त्यांनी संस्थेला विनामूल्य दिली. पहिल्या दोन घरांना सवलत घेतली, की तिसरे भाड्याने दिलेले मानले जाते. त्याचे वाजवी भाडे महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार रुपये. त्यातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर, समजा १० हजार, वजा केला, की उरतात १ लाख ७० हजार. त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट ५१ हजारांची. करपात्र राहिले १ लाख १९ हजार. या रकमेसह एकूण उत्पन्न १५ लाख असेल, तर नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनुसार या रकमेवर १५ टक्के कर आणि ४ टक्के उपकर मिळून १८,५६४ रुपये होतात. न मिळालेल्या भाड्यावरचा हा कर आहे. याच प्रणालीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर करसवलतीमुळे सामान्य उत्पन्नावर कर भरावा लागत नाही.

शून्य मूल्यासाठी कोणती दोन घरे निवडायची, हे मालकाने ठरवायचे असते. मग कमी भाड्याचे कोकणातले घर करपात्र दाखवून विश्रांतवाडीची सदनिका सवलतीत घेता येईल काय? ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा आधार घेता येतो. पण मालकाने घर स्वेच्छेने दिले, या मुद्द्यावर कर अधिकारी हरकत घेऊ शकतात. म्हणून सनदी लेखापालाचा लेखी सल्ला आधीच घ्यावा.

देणगीची वजावट मिळत नाही

घर वापरायला दिले म्हणून न मिळालेले भाडे ‘देणगी’ दाखवता येत नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम ८०जीची वजावट केवळ पैशाच्या देणगीला आहे. वस्तूला वा सेवेला नाही. रोख देणगी असेल, तर मर्यादा २ हजार रुपयांची. शिवाय ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांना रीतसर भाडे घेऊन तितकी रक्कम धनादेशाने संस्थेला देता येते. सामान्यतः अशा देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते. पण वजावटीस पात्र देणगी समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरतात. संस्थेची नोंदणी आणि तिने दिलेले देणगी प्रमाणपत्र आवश्यक.

भाडे महिना ५० हजारांहून अधिक असेल, तर संस्थेने १० टक्के टीडीएस कापायचा असतो. मालक स्वतः विश्वस्त असेल, तर भाडे वाजवीपेक्षा अधिक नसावे. अन्यथा संस्थेचीच करमाफी धोक्यात येते.

महापालिका आणि सोसायटी

प्राप्तिकर हा एक भाग झाला. स्वतः राहणाऱ्या मालकाला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. मध्यंतरी बंद झालेली ही सवलत २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. घर संस्थेकडे गेले, की तिचा आधार उरत नाही. मात्र महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ नुसार केवळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूला सर्वसाधारण करातून सूट आहे. तेथून भाडे मिळत असेल तर ही सूट नाही. म्हणजे भाडे घेऊन देणगी देण्याचा मार्ग प्राप्तिकरात उपयोगी, तर मिळकतकरात महाग पडू शकतो. दोन्ही हिशेब एकत्र मांडूनच निर्णय घ्यावा.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीला आधी कळवावे आणि निवासाखेरीज अन्य वापरासाठी परवानगी घ्यावी. बिगरभोगवटा शुल्क आकारले गेल्यास ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. वापराची मुदत, दुरुस्तीचा खर्च आणि घर परत घेण्याची अट लेखी कराराने ठरवून तो नोंदवावा. पुढे वारसांना हाच कागद उपयोगी पडतो.

घर कायमचेच द्यायचे असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करता येते. मग वार्षिक मूल्यावरचा कर मालकाच्या डोक्यावर राहत नाही. पण मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो, देणगीची वजावट नसते आणि दिलेले घर परत मागता येत नाही. उतारवयात घर हाच मोठा आधार असतो. तो सोडण्याआधी किल्ली आणि मालकी यांतला फरक नीट समजून घेणे, हे दात्याच्या हिताचे आहे आणि संस्थेच्याही.